खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालची शेवटच्या दिवसांतली अंडी: जिवंत आहेत की गेली, कसं ओळखायचं?

"आज एकविसावा दिवस, कोंबडी अजून बसलेलीच आहे, एकही पिल्लू नाही, अंडी गेली का?" कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या एका हातात अंडं असतं आणि दुसऱ्या हातात मोबाइलचा टॉर्च. आधी ते अंडं परत कोंबडीखाली ठेवा, मग बोलू. या शेवटच्या तीन दिवसांत अंड्याच्या आत काय चाललेलं असतं ते समजलं ना, की कुठल्या अंड्याला हात लावायचा, कुठल्याला अजिबात नाही आणि कुठलं आजच्या आज बाहेर काढायचं हे आपलं आपल्याला कळायला लागतं. नाही समजलं तर आत जिवंत पिल्लू असलेली अंडी उकिरड्यावर जातात, आणि हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय म्हणून एवढं लिहायला बसलेय.

दिवसांचा हिशोब आधी, कारण अर्धा घोळ तिथेच असतो. पिल्लू निघायला लागणारे २१ दिवस अंडं घातल्यापासून मोजायचे नसतात, कोंबडी पक्की बसल्यापासून मोजायचे. गार जागी ठेवलेल्या अंड्यातली वाढ जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे पाच दिवसांपूर्वीचं अंडं आणि कालचं अंडं एकाच संध्याकाळी कोंबडीखाली ठेवलं तर दोघांची मोजणी त्याच संध्याकाळपासून सुरू होते (फार जुनं झालेलं अंडं थोडं मागे राहतं, तेवढं सोडलं तर). आणि कोंबडी काही एका क्षणात खुडूक होत नाही, पहिले एक-दोन दिवस ती दिवसा बसते आणि रात्री परत आपल्या दांडीवर जाऊन झोपते, ते दिवस धरायचे नाहीत. ज्या रात्री ती अंड्यांवरच राहिली तिथून मोजायचं, आणि २४ तास पूर्ण झाले की एक दिवस झाला म्हणायचं. बरेच जण बसवलेला दिवसच पहिला दिवस धरतात आणि मग विसाव्या दिवशीच टेन्शन घेऊन बसतात.

शिवाय २१ ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. छोट्या जातीच्या कोंबड्यांची अंडी १९-२० दिवसांतही फुटतात, आणि कोंबडीच्या अंगाखाली मावत नाहीत एवढी अंडी ठेवली असतील तर कडेची अंडी थोडी थोडी गार पडत २२व्या-२३व्या दिवसावर जातात. दुसऱ्या पक्ष्याची अंडी ठेवली असतील तर हिशोबच वेगळा: जपानी लाव्याला १७-१८ दिवस, गिनी फाउलला २६ ते २८, बदकाला आणि टर्कीला २८, आणि मस्कोव्ही बदकाला तर ३५ दिवस. कोंबडी बिचारी तेवढे दिवस बसतेही, पण बसवणाऱ्याला आकडा माहीत पाहिजे.

अजून एक, अंड्यांवर पेन्सिलने खूण केलीय का? नसेल केली तर पुढच्या वेळी नक्की करा. खुडूक कोंबडी दाणा खायला उठली की दुसऱ्या कोंबड्या खुशाल तिच्या जागेवर जाऊन अंडं घालून येतात, आणि ही परत आली की सगळी आपलीच समजून पोटाखाली घेते. मग एका घरट्यात विसाव्या दिवसाचं अंडं आणि नवव्या दिवसाचं अंडं शेजारी शेजारी असतं, आणि बाहेरून दोन्ही सारखीच. खूण असली की बिनखुणेचं अंडं रोज काढून टाकता येतं. पेन्सिलच वापरायची, मार्कर नको, कारण कवचाला बारीक छिद्रं असतात, हजारोंनी, आणि आतल्या जिवाचा सगळा श्वास त्या छिद्रांतूनच चालतो.

आता मुख्य गोष्ट, श्वासाची. हा भाग नीट वाचा, बाकी सगळं यावरच उभं आहे.

जवळजवळ अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापर्यंत अंड्यातलं पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेतच नाही. कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून रक्तवाहिन्यांचं एक दाट जाळं पसरलेलं असतं, पिल्लाच्या पोटातून निघून सगळ्या अंड्याला आतून अस्तर लावल्यासारखं, आणि छिद्रांतून येणारी हवा हे जाळं घेतं, नको असलेली सोडतं. म्हणजे आईच्या पोटातल्या बाळाला जशी वार असते तसंच काम, फक्त इथे ते कवचाला लागून. त्याच छिद्रांतून पाण्याची वाफही हळूहळू बाहेर जात असते, अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ ते १४ टक्के कमी होतं, आणि जेवढं पाणी जातं तेवढी हवेची पोकळी मोठी होते. ही पोकळी अंड्याच्या जाड टोकाला असते. उकडलेलं अंडं सोलताना जाड टोकाला जो खड्डा दिसतो ना, तीच. ताज्या अंड्यात ती नखाएवढी असते, अठराव्या दिवशी अंड्याचा पाव ते एक तृतीयांश भाग व्यापते.

मग पिल्लाला जागा कमी पडायला लागते आणि कवचातून येणारी हवाही पुरेनाशी होते. ते स्वतःला नीट लावून घेतं: डोकं जाड टोकाकडे, उजव्या पंखाखाली, चोच पोकळीच्या दिशेला. मानेच्या मागचा एक खास स्नायू फुगलेला असतो (ताज्या पिल्लाची मान जाड दिसते ती त्यामुळेच, नंतर उतरते), तो आखडला की डोकं वर झटकतं आणि चोच पोकळीच्या पापुद्र्यातून आरपार जाते. हा पहिला टोचा. बाहेरून काहीही दिसत नाही, कवच अख्खं असतं, पण आत पिल्लाने आयुष्यातला पहिला श्वास घेतलेला असतो, त्या कोंडलेल्या पोकळीतल्या हवेचा. इथून पुढे अंड्याला कान लावला तर बारीक चिवचिव किंवा टिकटिक असा आवाज येऊ शकतो.

ती हवा थोडीच असते. काही तासांत, कधी कधी जवळपास दिवसभरात, तिच्यातला ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि त्या घुसमटीनेच मान जोरात झटकायला लागते. चोचीच्या टोकावर एक कडक पांढरा कण असतो, त्याला अंड-दात म्हणू, त्याने कवचाला आतून धडका बसतात आणि बाहेर एक छोटासा तडा, तांदळाच्या दाण्याएवढा टवका दिसतो. हा दुसरा टोचा, आणि आपल्याला दिसतो तो हाच.

आणि इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, कारण टोचा दिसल्यावर आपल्याला वाटतं आता पिल्लू तासाभरात बाहेर येणार, आणि ते येत नाही, उलट गप्प होतं. बारा तास, अठरा तास, चोवीस तास सुद्धा तो टवका तसाच, एका मिलिमीटरने मोठा नाही. आत मरण चाललेलं नसतं हो, आत फार मोठी अदलाबदल चाललेली असते. पिल्लू आता बाहेरची हवा फुप्फुसाने घेतंय, त्यामुळे कवचाला लागलेल्या त्या जाळ्याची गरज संपत आलीय, त्यातलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढलं जातंय आणि वाहिन्या एकेक करून बंद होतायत. त्याच वेळी उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात जातोय, तीच त्याची पुढच्या दोन-तीन दिवसांची शिदोरी. हे दोन्ही पूर्ण झालं की पिल्लू परत जागं होतं, अंड्यात फिरत फिरत जाड टोकाच्या कडेने कवच कापत जातं, जाड टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने, आणि टोपण उघडावं तसं ते टोक ढकलून बाहेर पडतं. हे कापणं मात्र भराभर होतं, कधी अर्ध्या तासात, कधी दोन-तीन तास.

म्हणजे गप्प अंडं म्हणजे मेलेलं अंडं नव्हे. शांततेचे दोन मोठे तुकडे या प्रोसेसमध्येच आहेत, एक दोन टोच्यांच्या मध्ये आणि दुसरा टोचा आणि कापणं यांच्या मध्ये.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक पिल्लू वाचलं असतं. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, एका अंड्याला सकाळी टवका दिसला, संध्याकाळी बघते तर तसाच, आतून आवाजही बंद. मला वाटलं अडकलं. मी नखाने कवचाचे तुकडे काढायला लागले, पहिले दोन-तीन सहज निघाले, चौथ्या तुकड्याखाली पांढऱ्या पापुद्र्यावर एक लाल बारीक रेघ उमटली आणि बघता बघता तिचा थेंब झाला, मग दुसरा. मी थांबले पण उशीर झाला होता. पिल्लाच्या पोटाशी सुपारीएवढा पिवळा बलक अजून बाहेरच होता. रात्री ते गेलं, आणि त्याच कोंबडीखालची बाकीची टवके पडलेली अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी आपापली फुटली, कुणी हात न लावता. ते पिल्लूही अडकलेलं नव्हतं, ते आपलं काम करत होतं.

बरं, मग तपासायचं कधी आणि कसं? माझं मत विचाराल तर नीट तपासणी एकदाच, सतराव्या-अठराव्या दिवशी, आणि त्यानंतर फुटेपर्यंत फक्त बघणं आणि ऐकणं. कोंबडी इतके दिवस अंडी चोचीने सतत उलटसुलट करत असते, पण शेवटी पिल्लू स्थितीत आल्यावर अंडी स्थिर असलेली बरी, तिथे आपण रोज उचलून गोल फिरवून बघत बसलो तर त्याची डोकं जाड टोकाकडे असलेली स्थिती बिघडायला कारण मिळतं, शिवाय अंगाखालची ऊब आणि ओलावा दर वेळी निघून जातो.

तपासणी रात्री करा. अंधारात कोंबडी शांत असते आणि अंडंही उजेडाला नीट दिसतं. हात पालथा करून, म्हणजे हाताची मागची बाजू कोंबडीच्या अंगाला लागेल असा, हळूच खाली सरकवायचा, चोच मारलीच तर मनगटावर बसते, पूर्ण बाह्यांचा शर्ट असला की झालं. शक्यतो कोंबडीला उचलूच नका, आणि उचलायची वेळ आलीच तर आधी दोन्ही पंखांखाली बोटं फिरवून बघा, कारण खुडूक कोंबडी अंडी पंखाखाली दाबून धरते आणि तुम्ही तिला वर घेतलंत की पंखातलं अंडं दोन फुटांवरून खाली. फुटायच्या दिवशी तिथे अंड्याऐवजी ओलं पिल्लूही असू शकतं.

एक एक अंडं घ्यायचं, जाड टोक वर, आणि टॉर्च त्या टोकाला टेकवून बोटांनी कडा झाकायच्या म्हणजे उजेड बाहेर सांडणार नाही. पाच-सात सेकंद पुरे, टॉर्च गरम होणारा नको. अठराव्या दिवशीच्या चांगल्या अंड्यात वर उजळ पोकळी आणि खाली सगळा गच्च काळोख दिसतो, उजेड आरपार जातच नाही. नवीन माणूस इथे घाबरतो, "सातव्या दिवशी किती छान लाल शिरा दिसत होत्या, आता काहीच दिसत नाही". दिसत नाही कारण पिल्लाने अंडं भरून टाकलंय! शिरा बघायच्याच तर पोकळीच्या कडेला बघा, काळोख सुरू होतो त्या रेषेलगत ताज्या लाल रंगाच्या बारीक शिरा असतील तर आतलं पिल्लू जिवंत आहे. आणि पोकळीची रेषा बघा. आधी ती सरळ, वाटीतल्या पाण्यासारखी असते, मग एका बाजूला कलंडते, पोकळी तिरकी होते, आणि पिल्लू पापुद्र्यावर चोच रेटायला लागलं की त्या उजळ भागात एक सावली वरखाली होते. मी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा श्वास रोखून उभी होते, नारिंगी उजेडात एक काळं टोक पुढे आलं, पापुद्रा तंबूसारखा उचलला गेला, परत मागे गेला, परत पुढे. तसं दिसलं की टॉर्च बंद करायचा, अंडं जागेवर ठेवायचं आणि निघायचं.

न फळलेलं अंडं ओळखणं सगळ्यात सोपं, ते अठराव्या दिवशीही आरपार उजळ दिसतं, आत फक्त बलकाची हलती सावली. सुरुवातीला वाढून मग मेलेल्या अंड्यात लालसर-तपकिरी कडं दिसतं, रक्ताची गोल रेघ, किंवा मधोमध एक काळा गोळा आणि भोवती बिनशिरांचा गढूळ उजेड. उशिरा मेलेलं ओळखणं मात्र खरंच अवघड, तेही काळोखच दाखवतं, फक्त पोकळीची रेषा धुरकट होते, शिरा नसतात किंवा काळपट तुटक दिसतात, आणि अंडं कलतं केलं तर आतला काळोख पाण्यासारखा हिंदकळतो. गडद तपकिरी कवचाच्या अंड्यात तर एवढंही धड दिसत नाही. त्यामुळे माझा नियम असा की शंका असेल तर अंडं परत आत. जिवंत आहे समजून ठेवलेलं मेलेलं अंडं चार दिवस जागा अडवेल, पण मेलेलं समजून फेकलेलं जिवंत अंडं परत आणता येत नाही.

याला अपवाद एकच, वास. नासक्या अंड्याला कुजका, डोक्यात जाणारा वास येतो, तोच हायड्रोजन सल्फाइडचा, आणि आत गॅस साठत गेला की ते अंडं कोंबडीखाली फुटू शकतं. फुटलं की ती सगळी घाण आणि जंतू बाकीच्या चांगल्या अंड्यांवर पसरतात, आणि अंड्यांची छिद्रं तर उघडीच असतात. म्हणून प्रत्येक अंडं उजेडाला धरण्याआधी नाकाला लावा, हे खरंच टॉर्चपेक्षा महत्त्वाचं आहे. वास येतोय, कवचावर चिकट थेंब सुटलेत, किंवा कवच करडं-डागाळलेलं झालंय, असं अंडं कागदात गुंडाळून अलगद, न हलवता बाहेर न्यायचं आणि खड्ड्यात पुरायचं.

आता दोन पद्धती ज्या खूप जण सांगतात. एक म्हणजे अंडं कानाशी धरून हलवायचं, खळखळलं तर खराब. नका करू. शेवटच्या दिवसांत शिरांचं जाळं ताणलेलं असतं आणि हलवल्याने ते फाटू शकतं, म्हणजे चांगल्या अंड्याची परीक्षा घेता घेताच ते खराब. दुसरी पाण्याची: कोमट पाण्यात अंडी सोडायची, जे डुलेल ते जिवंत, जे नुसतं तरंगेल किंवा बुडेल ते मेलेलं. ही बघायला फार छान वाटते आणि डुलणारं अंडं जिवंत असतंच, हे मान्य. पण न डुलणाऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण वर सांगितलेल्या शांततेच्या काळात किंवा पिल्लू झोपलेलं असताना जिवंत अंडंही ढिम्म राहतं. शिवाय पाणी अंड्यापेक्षा थोडं जरी गार असलं तर आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी, कवचावरच्या घाणीसकट, छिद्रांतून आत ओढलं जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्हाला न दिसलेला केसाएवढा टोचा असेल तर आतलं पिल्लू बुडून मरतं.

त्यापेक्षा कान वापरा. दुपारी आजूबाजूला शांतता असताना घरट्याशी बसा आणि कोंबडीकडे लक्ष द्या. पिल्लांनी आत आवाज सुरू केला की ती बदलते, एरवी रोज पंधरा-वीस मिनिटं उठणारी कोंबडी उठायलाच तयार होत नाही, अंग फुगवून पसरते आणि घशातल्या घशात एक हळू, खालच्या पट्टीतलं कुर्र-कुर्र सुरू करते जे तुम्ही आधीचे वीस दिवस ऐकलेलं नसतं. ती अंड्यांशी बोलत असते, आणि आतून उत्तर येतं. अंडी एकमेकांचाही आवाज ऐकतात, लाव्यांमध्ये तर शेजारच्या अंड्यातल्या टिकटिकीने मागे पडलेली पिल्लं घाई करतात आणि सगळी जवळजवळ एकदम फुटतात हे प्रयोगांत दिसलंय. तर कोंबडी अशी बोलायला लागली असेल तर तुमचा टॉर्च खिशातच राहू द्या, तिला आतली खबर तुमच्याआधी लागलेली असते. त्या एक-दोन दिवसांत तिने दाणा खाल्ला नाही तरी चालतं, फक्त पाणी तोंडाशी ठेवा, आणि ते उथळ ताटलीत, म्हणजे नवीन पिल्लू पडून बुडणार नाही.

मदत करायची का, करायची तर कधी? मी खालच्या तीनच वेळी करते. बाहेरचा टोचा पडून पूर्ण चोवीस तास झाले आणि काहीच पुढे सरकलं नाही. किंवा टोचा निमुळत्या टोकाला पडलाय, म्हणजे पिल्लू उलटं बसलंय आणि त्याला हवेची पोकळी मिळालेलीच नाही. किंवा कापायला सुरुवात होऊन थांबलंय आणि भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा-ओला न राहता पिवळट, कोरड्या कागदासारखा होऊन पिल्लाच्या पिसांना चिकटलाय. अशा वेळी आधी फक्त टोच्याभोवतीचं कवच चण्याएवढं मोकळं करायचं, श्वासापुरतं, आणि कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओलसर करायचा, नाकपुड्यांपासून लांब. ओला झाला की पापुद्रा पारदर्शक होतो आणि आतल्या शिरा दिसतात. लाल, भरलेल्या शिरा दिसल्या तर तिथेच थांबायचं, अंडं परत ऊबेत, तीन-चार तासांनी परत बघायचं. शिरा रिकाम्या, फिकट झाल्या असतील तर थोडं थोडं कवच टोपणाच्या रेषेने सोडवायचं आणि तेवढंच, खालचा अर्धा भाग काढायचा नाही आणि पिल्लाला ओढायचं तर अजिबातच नाही, बाहेर ढकलायचं काम त्याने स्वतः करायचं. बेंबी बंद व्हायला वेळ लागतो आणि ती त्या खालच्या अर्ध्या कवचातच सुरक्षित असते. रक्त दिसलं तर स्वच्छ कापसाने हलका दाब द्यायचा आणि पुढचे काही तास हात लावायचा नाही.

अंडी गार पडली तर? हाही नेहमीचा प्रसंग, कोंबडी चुकून शेजारच्या रिकाम्या घरट्यात जाऊन बसली आणि सकाळी बघतो तर अंडी हाताला गार. लगेच आशा सोडू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लू इतकं मोठं असतं की स्वतःची थोडी ऊब स्वतः तयार करतं, आणि थोडा वेळचा गारवा सोसू शकतं. अंडी परत कोंबडीखाली ठेवा, पूर्ण ऊबू द्या, दुसऱ्या रात्री टॉर्च लावा, फुटायला थोडा उशीर होईल हे धरून चाला. गार अंडं मेलं की नाही ते गार असताना ठरवताच येत नाही.

पिल्लं निघायला लागली की एक काम मात्र आठवणीने करायचं, रिकामी टरफलं काढून घ्यायची. अर्धं टरफल न फुटलेल्या अंड्यावर टोपीसारखं बसतं, दोन्ही अगदी फिट, आणि मग आतलं पिल्लू कापत येतं ते या दुसऱ्या भिंतीला अडतं. शिवाय ओल्या टरफलाला मुंग्या लागतात, आणि टोचा पडलेल्या अंड्यात मुंग्या शिरल्या तर पिल्लाला पळायला जागा नसते. टरफलाच्या आत वाळलेल्या शिरा आणि थोडा पांढरट-हिरवट घाण भाग दिसेल, ते नॉर्मल आहे.

पहिलं पिल्लू निघाल्यावर कोंबडी साधारण दीड-दोन दिवस बसून राहते. निघालेली पिल्लं पोटातल्या बलकावर तेवढे दिवस, अगदी ७२ तासांपर्यंत, खाण्याशिवाय राहू शकतात, ती सोय याचसाठी आहे, मागे राहिलेल्यांना वेळ मिळावा म्हणून. मग एका क्षणी ती पिल्लांना घेऊन उठते आणि उरलेल्या अंड्यांकडे वळूनही बघत नाही. आता मात्र टॉर्च काढा, कान लावा. ज्यात आवाज आहे, सावली हलते किंवा टोचा आहे ती अंडी ३७.५ अंशांच्या आसपास इनक्युबेटरमध्ये ठेवा, किंवा दुसरी खुडूक कोंबडी असेल तर सरळ तिच्याखाली. पिल्लू निघून वाळलं, फुललं की रात्री अंधारात आईच्या पंखाखाली सरकवायचं, पहिल्या एक-दोन दिवसांत ती बहुतेक करून घेते, नंतर टोचून हाकलू शकते.

आणि जी अंडी पंचविसाव्या दिवसापर्यंतही गप्पच राहिली, ती पुरण्याआधी मी बाहेर मोकळ्यावर नाकाला फडकं बांधून, अंडं जुन्या पिशवीत धरून, जाड टोकाकडून उघडून बघते. नुसता बलक निघाला तर अंडं फळलेलंच नव्हतं, म्हणजे कोंबड्याकडे बघायचं. छोटंसं अर्धवट पिल्लू असेल तर मधे कधीतरी अंडी बराच वेळ गार पडली किंवा आधी जुनी झाली होती. पूर्ण वाढलेलं, पापुद्रा अंगाला घट्ट चिकटलेलं असेल तर हवा फार कोरडी होती, आणि पिल्लाभोवती पाणी साचलेलं असेल तर उलट. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर ते उलटं बसलेलं होतं, त्याला बाहेरून कुणी काही करू शकलं नसतं. जे दिसेल ते तारखेसकट वहीत लिहून ठेवायचं, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, घरट्यातला जुना पेंढा जाळून टाकायचा आणि कोंबडीच्या पोटाखाली, पिसांच्या मुळाशी उवा-गोचिडं झालीत का ते त्याच दिवशी बघून घ्यायचं, कारण एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीला ती सहज होतात आणि तिथून थेट पिल्लांवर जातात.